ईडा-पीडा आणि मारबत : नागपूरच्या घरांतील जुन्या समजुती

श्रावण अमावास्येचा पोळा सरलेला असतो, बैलांच्या शिंगांवरील हिंगूळ अजून पुसला गेलेला नसतो, आणि दुसऱ्याच दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपूरच्या जुन्या वस्तीतून एक आगळी मिरवणूक निघते. बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड यांतून उभारलेल्या दोन अवाढव्य स्त्रीमूर्ती, एक काळी व एक पिवळी, इतवारी-महाल भागातील अरुंद रस्त्यांतून ढोलताशांच्या गजरात फिरविल्या जातात. यांना मारबत म्हणतात. त्यांच्या मागेपुढे पुरुषरूपी पुतळे असतात, ते बडगे. गच्च्या आणि सज्जे माणसांनी फुललेले असतात. आयाबाया कडेवरच्या मुलाला मारबतीसमोर क्षणभर धरतात. ईडा-पीडा, रोगराई, खोकला-पडसे, ढेकूण आणि डास या सर्वांना घेऊन जा, असा पुकारा मारबतीच्या नावाने होतो आणि मिरवणुकीच्या अखेरीस या मूर्तींचे दहन केले जाते.

पिवळ्या मारबतीची परंपरा जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाने जोपासली असून ती १८८५ पासूनची सांगितली जाते. काळी मारबत तिच्याहून चार वर्षांनी वडील, म्हणजे १८८१ ची, असे मानतात. काळ्या मारबतीविषयी नागपुरात सर्वतोमुखी असलेली कथा भोसल्यांच्या घराण्याशी निगडित आहे. दुसऱ्या रघुजीराजांची राणी बाकाबाई हिने इंग्रजांशी संधान बांधले, त्याचा रोष म्हणून लोकांनी तिचा काळा पुतळा करून जाळावयास प्रारंभ केला, अशी ती कथा आहे. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली. तिच्यानंतर आप्पासाहेब पदच्युत झाले, अल्पवयीन तिसऱ्या रघुजीस गादीवर बसविण्यात आले आणि रेसिडेंट जेंकिन्सच्या छायेत बाकाबाईच्या हाती वाड्याचा कारभार आला. तिसरे रघुजी १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८५७ च्या उठावातही बाकाबाईने इंग्रजांचीच बाजू राखली. ती १८५८ मध्ये निवर्तली, आणि काळी मारबत निघाली ती त्यानंतर तेवीस वर्षांनी. इतिहासाचा अभ्यासक या कालांतरापाशी थोडा थबकेल. परंतु लोकस्मृतीला दिनांकांची फारशी मातब्बरी नसते.

या राजकीय कथेच्या खाली एक अधिक जुना थर आहे. मारबत म्हणजे कृष्णाच्या जिवावर उठलेली पूतना, असेही अनेक घरांत मुलांना सांगतात. शिवाय मारबत ही काही एकट्या नागपूर शहराची मिरास नव्हे. विदर्भातील खेड्यापाड्यांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, पळसाच्या डहाळ्या घेऊन वा ओबडधोबड पुतळा करून, गावातील मुले व तरुण आरोळ्या ठोकीत शिवेपर्यंत जातात आणि गावचे दुखणे शिवेबाहेर टाकून येतात. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. पावसाळा ओसरू लागलेला असतो, डबकी साचलेली असतात, विहिरींचे पाणी गढूळ असते, आणि हिवताप, हगवण व पटकी यांचा हाच हंगाम. ज्या काळी पटकीचा जंतू ठाऊक नव्हता आणि हिवताप डासांमुळे पसरतो हेही कळले नव्हते, त्या काळी आजाराला एक तोंड-नाक देऊन शिवेबाहेर नेणे हाच लोकांना सुचलेला सार्वजनिक आरोग्याचा कार्यक्रम होता. मलेरियाचा परोपजीवी डासांत वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये दाखवून दिले. मारबतीच्या पुकाऱ्यात डासांचा समावेश केव्हापासून आहे, कोण जाणे. पण त्यांना नेमके घालवून देणाऱ्यांचा अंदाज अगदीच चुकलेला नव्हता.

आपल्या वाट्याचे अरिष्ट एखाद्या पुतळ्यावर, प्राण्यावर वा माणसावर लादून त्याला घालवून देण्याची रूढी जगभर आढळते. जेम्स फ्रेझर यांनी आपल्या ‘गोल्डन बाउ’ या ग्रंथमालेत तिच्यासाठी एक स्वतंत्र खंडच खर्ची घातला. स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी आजही वसंतारंभी हिवाळ्याचा पुतळा जाळतात. आपली होळी तर सर्वांच्या परिचयाची आहे. नागपूरने यात एक भर घातली. येथील बडग्यांवर त्या त्या वर्षीच्या महागाईची, भ्रष्टाचाराची, बदनाम पुढाऱ्यांची नावे चढू लागली आणि रोगराईच्या जोडीला सार्वजनिक तक्रारीही शिवेबाहेर जाऊ लागल्या. एक अरिष्ट-निवारणाचा विधी अशा रीतीने चालते-बोलते वृत्तपत्र होऊन बसला.

लाकडी बैल आणि जिवतीचा कागद

त्याच दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. मोठ्यांचा पोळा खऱ्या बैलांचा, मुलांचा पोळा लाकडी बैलांचा. दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ च्या सुमारास मुलांसाठी ही प्रथा सुरू केली, असे मानले जाते. चाकांवर बसविलेले, झूल पांघरलेले, गळ्यात घुंगरांची माळ घातलेले हे बैल घेऊन मुले ओळीने उभी राहतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा मागतात. बोजारा म्हणजे बैलाच्या निमित्ताने मुलाच्या हातावर पडणारा पैसा वा खाऊ. ज्या घरी शेती नाही, गोठा नाही, त्या घरच्या मुलालाही यामुळे बैलाची ओळख राहते. बालपणीच्या विधींपैकी निखळ आनंदाचा असा हा विधी होय. यात कोणाचे काही बिघडत नाही आणि त्याविषयी आणखी काही सांगावयाची आवश्यकताही नाही.

इतर विधी मात्र आनंदापेक्षा भीतीतून जन्मलेले आहेत, आणि ही भीती बहुतांशी एकच आहे. मूल जगेल की नाही, ही ती भीती. पोळ्याच्याच दिवशी पिठोरी अमावास्या येते. त्या दिवशी आई उपास करते, खीर-पुरीचे वाण डोक्यावर वा खांद्यावरून मागे धरते आणि ‘अतिथी कोण?’ असे विचारते. मागे उभे असलेले मूल ‘मी’ म्हणून उत्तर देते. अपत्ये जाऊन जाऊन राहणाऱ्या आईने मागे वळून न पाहता विचारलेला हा प्रश्न आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या लहानशा नाट्यातील आर्तता कळते.

श्रावणात देवघराच्या भिंतीवर जिवतीचा छापील कागद लावतात. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, बुध-बृहस्पती आणि मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका अशी चित्रे असतात. यांपैकी जरा ही मुळात राक्षसी. मगधाच्या राजाला दोन शकलांत झालेले मूल तिने सांधले आणि त्यामुळे त्याचे नाव जरासंध पडले, अशी महाभारतातील कथा आहे. मुले खाणारी तीच मुले राखणारी झाली. मारबतीच्या बाबतीतही नेमके हेच दिसते. जिला जाळावयाचे, तिचीच आधी पूजा होते. ज्याची भीती वाटते त्याला देव्हाऱ्यात बसवून आपलेसे करून घ्यावयाचे, ही आपल्या लोकधर्माची जुनी रीत आहे. मरीआई आणि शीतलादेवी याच मार्गाने देवी झाल्या.

सटवाईची गोष्ट यापुढची. मूल जन्मल्यानंतर पाचव्या दिवशी पाचवी व सहाव्या दिवशी षष्ठी पुजतात. पाटा-वरवंट्याची पूजा होते, काही घरांत विळा किंवा चाकू जवळ ठेवतात, कोरा कागद व लेखणीही ठेवतात. कारण त्या रात्री सटवाई येऊन मुलाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते. त्या रात्री घरची वडीलधारी मंडळी जागरण करतात. नेमकी पाचवी-सहावीच का? याचे एक उत्तर वैद्यकशास्त्रात आहे. नवजात अर्भकाचा धनुर्वात जन्मानंतर साधारणतः तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान आणि बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतो. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली, नाळेवर राख वा शेण लावले, की जंतूंना वाट मिळते. चांगले दूध पिणारे मूल एकाएकी तोंड उघडीनासे होते, आखडते आणि दगावते. त्या रात्री घराने जागे राहणे स्वाभाविकच होते. ज्याच्याविरुद्ध जागावयाचे ते मात्र उशाशी ठेवलेल्या विळ्यावरच बसलेले असे. गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस, रुग्णालयातील बाळंतपण आणि नाळेसाठी निर्जंतुक पाते, एवढ्या तीन गोष्टींनी चित्र पालटले. माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. सटवाईच्या लेखणीतील एक अक्षर अशा रीतीने खोडले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

दृष्ट

दृष्ट लागणे ही कल्पना मात्र वर्गभेद, जातिभेद व शिक्षणभेद ओलांडून टिकली आहे. मूल किरकिरे झाले, दूध ओकू लागले, रात्री दचकून उठू लागले, की मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरतात व चुलीत टाकतात. मीठ तडतडले, की दृष्ट होती असा निर्वाळा मिळतो. जाड्या मिठाच्या खड्यांत पाण्याचे सूक्ष्म कण अडकलेले असतात; तापल्यावर त्यांची वाफ होऊन खडा फुटतो आणि आवाज होतो. मोहरीचेही तसेच. म्हणजे दृष्ट असो वा नसो, मीठ तडतडणारच. मुलाच्या गालावर काजळाची तीट, दारावर लिंबू-मिरची, बांधकामावर उलटे टांगलेले काळे बुजगावणे किंवा फाटके पायताण, हे सर्व एकाच कुळातले. तुर्कस्तानापासून ग्रीसपर्यंत निळ्या मण्याचा डोळा याच कामी वापरतात.

या समजुतीची पाळेमुळे हेव्याच्या भयात आहेत. ज्या समाजात दोन घास सर्वांच्या वाट्याला येत नाहीत, तेथे एखाद्याचे गुटगुटीत मूल हा शेजाऱ्याच्या डोळ्यांवर येण्याचा विषय होतो; म्हणून त्याचे कौतुक आवरते घ्यावयाचे, त्याला ठिपका लावून किंचित विद्रूप करावयाचे. पूर्वी ज्या घरी मुले जगत नसत तेथे दगडू, धोंडू, उकिरडा अशी नावे ठेवीत, त्यामागेही हाच विचार होता. मध्यप्रांताच्या जाती-जमातींविषयी रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जन्म, बालपण आणि दृष्ट यांविषयीच्या अशा चालीरीतींची विपुल नोंद आहे. तीट लावल्याने कोणाचे नुकसान होत नाही. डोळ्यांत काजळ वा सुरमा घालण्याची गोष्ट निराळी. अस्वच्छ बोटाने डोळ्यांस संसर्ग होतो, आणि काही प्रकारच्या सुरम्यात शिसे असते. दृष्ट काढून झाल्यावर आई मुलाला घेऊन आरोग्य केंद्रात आली, तर दृष्टीशी भांडण करण्याचे कारण नाही. दृष्ट काढली म्हणून ती आली नाही, तर मात्र आहे. ओकणाऱ्या व जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगातले पाणी काही तासांतच आटते आणि मिठाच्या ज्या चिमटीने दृष्ट काढली, तीच चिमूट साखरेबरोबर उकळून गार केलेल्या पाण्यात योग्य प्रमाणात गेली असती तर मूल वाचले असते.

भुतांची वंशावळ

नागपूरच्या जुन्या वाड्यांतून रात्री दिवे मालवल्यावर आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींत ठरावीक मंडळी येत. पिंपळावरचा मुंज्या, ओढ्याकाठची हडळ, विहिरीतला किंवा तलावातला गिऱ्हा, पुरलेल्या धनावर बसलेला समंध, बाळंतिणीच्या रूपात फिरणारी अलवंतीण, आणि रात्री शेतावरून परतणाऱ्याला वाट चुकविणारा चकवा. रात्री कोणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेस ओ देऊ नये, हा दंडकही याच गोष्टींतला.

ही यादी नीट पाहिली तर एक बाब चटकन नजरेत भरते. मुंज्या म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी वारलेला मुलगा. अलवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली स्त्री. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेला. समंध म्हणजे मागे कोणी न ठेवता, इच्छा अपुरी ठेवून गेलेला. पिकल्या वयात, नातवंडे-पतवंडे पाहून गेलेल्या माणसाचे भूत होत नाही. म्हणजे भुतांची ही वंशावळ वस्तुतः अकाली मृत्यूंची एक नोंदवही आहे. जिल्ह्याच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी सुरू होण्याच्या कितीतरी आधी गावाने ती ठेवली होती. आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याने ती हसण्यावारी नेऊ नये. ज्या गावात अलवंतिणीच्या गोष्टी जास्त, तेथे एके काळी बाळंतिणी जास्त मेल्या असाव्यात, एवढे तरी तीवरून समजावयास हरकत नाही. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातील माता-मृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, तर संपूर्ण देशाचे ९७. अलवंतिणीची गोष्ट नव्या पिढीच्या आयांना ठाऊक नसते, याचे निम्मे श्रेय दूरदर्शन संचाला दिले तरी उरलेले निम्मे प्रसूतिगृहाला द्यावे लागेल.

चकव्याचे कोडेही उलगडले आहे. सूर्य-चंद्र दिसत नसले आणि ओळखीची खूण नसली तर माणूस सरळ चालतो आहे असे समजत असतानाच गोल फिरून मूळ जागी येतो. जर्मनीतील संशोधकांनी तेथील जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात माणसांना चालवून हे पडताळून पाहिले व २००९ मध्ये प्रसिद्ध केले. रात्री छातीवर कोणी बसले आहे, ओरडावयाचे आहे पण आवाज फुटत नाही, हा अनुभव तर अनेकांनी घेतलेला असतो. झोपेतून मेंदू जागा होतो, परंतु झोपेत सैल पडलेले स्नायू अजून हुकूम घेत नाहीत, अशी ती काही क्षणांची अवस्था होय. ज्याच्या घरी जी गोष्ट सांगितली गेली असेल, तिच्यातील भूत त्याच्या छातीवर बसते.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी अशा भीतीला मराठीत वाङ्मयाचा मान मिळवून दिला. गोष्ट म्हणून भूत असावे, यास कोणाचाच आक्षेप नसावा. मुलांच्या कल्पनाशक्तीला तो उत्तम खुराक आहे.

समजूत कोठे अपाय करू लागते

दुसऱ्या एका दिशेनेही नागपूरला या विषयात स्थान आहे. विदर्भानेच या समजुतींविरुद्ध खडे बोल सुनावणारे संत दिले. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात नवस, पशुबळी व अंगात येणे यांची झाडाझडती घेत. ते १९५६ मध्ये निवर्तले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून हेच कार्य खंजिरीच्या तालावर केले आणि ‘ग्रामगीते’त ते ग्रथित केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. घरातील विधींचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला क्रम हजारो कुटुंबांनी एका निर्णयाने थांबविला, अशी उदाहरणे जगातही थोडी. १९८२ मध्ये नागपुरातच अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना झाली. प्रा. श्याम मानव यांच्या नेतृत्वाखालील या समितीने आणि पुढे १९८९ पासून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने गावोगावी प्रयोगांसह व्याख्याने दिली. मंत्राने पेटणारा यज्ञ म्हणजे पोटॅशियम परमँगनेटवर सोडलेले ग्लिसरीन, आणि हळदीच्या हाताने चुन्याला स्पर्श केला की जे ‘रक्त’ निघते ते घरोघरच्या कुंकवाचेच रसायन, हे हजारो शाळकरी मुलांनी त्यांच्यामुळे डोळ्यांनी पाहिले.

भानामतीविषयी या कार्यकर्त्यांचा अनुभव शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. वाळत घातलेले कपडे पेटतात, घरावर दगड पडतात, अन्नात घाण सापडते. आणि तपास केला तर या सर्वांमागे त्याच घरातील एखादी दबलेली, दुर्लक्षिली गेलेली व्यक्ती, बहुधा एखादी सून वा किशोरवयीन मूल, आढळते. तिच्या मनातला कोंडमारा दुसऱ्या वाटेने बाहेर पडलेला असतो. अशा वेळी गावासमोर तिला उघडे पाडणे हा उपाय नव्हे. घरातील वडील मंडळींना विश्वासात घेऊन आणि त्या व्यक्तीला मानसोपचार मिळवून देऊन प्रकार थांबतो. परंतु बहुतेक वेळा गाव याच्या उलट करते. करणी कोणी केली, असा शोध सुरू होतो आणि बोट एखाद्या एकट्या राहणाऱ्या विधवेकडे, नाहीतर जमिनीच्या वाट्याचा जिच्याशी तंटा आहे अशा भाऊबंदाकडे वळते. येथे आजीच्या गोष्टीतील हडळ संपते आणि दंडविधानाचा विषय सुरू होतो.

मेळघाटातील काही पाड्यांवर पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके देण्याची रूढी आहे. तिला तेथे ‘डंबा’ म्हणतात. चटके देणारी माणसे क्रूर नसतात. मूल वाचावे हीच त्यांची तळमळ असते. भाजलेल्या जागी जंतुसंसर्ग होतो आणि मूळचे दुखणे तसेच राहते. तेथील भूमका म्हणजे पारंपरिक वैदू. त्याला शत्रू न मानता, आलेले मूल आरोग्य केंद्राकडे पाठविणारा साहाय्यक म्हणून जोडून घेण्याचे आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रयत्न या दृष्टीने अधिक शहाणपणाचे वाटतात.

साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेण्याची चाल याहून व्यापक आहे. मांत्रिकाला यश का येते, याचे उत्तर सोपे आहे. आपल्याकडील सापांच्या बहुसंख्य जाती बिनविषारी आहेत. शिवाय विषारी साप प्रत्येक दंशात पुरेसे विष सोडतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेल्यांपैकी पुष्कळजण वाचतात आणि त्याची कीर्ती वाढते. जे मरतात त्यांच्या बाबतीत ‘उशीर झाला’ हे कारण तयारच असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर गुणकारी अशी प्रतिविष लस शासकीय रुग्णालयात मिळते. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये; तो अवयव शक्यतो हालू न देता रुग्णास धीर देत त्वरित रुग्णालयात न्यावे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे.

कायदा

भारतीय राज्यघटनेत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद यांचा विकास करणे हे एक कर्तव्य आहे. परंतु प्रत्यक्ष कायद्याची वाट लांबची ठरली. डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुणे येथे हत्या झाली. त्यानंतर चार दिवसांनी राज्य शासनाचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नागपूर येथे भरलेल्या हिवाळी अधिवेशनात, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांस प्रतिबंध व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबतचा हा अधिनियम होय. ज्या शहरात दरवर्षी मारबत निघते त्याच शहरात तो संमत व्हावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

या अधिनियमाविषयी गावपातळीवर एक गैरसमज आढळतो. घरातील पूजाअर्चा, नवस, वारी, कीर्तन यांवर आता बंदी आली, असे काहींना वाटते. तसे मुळीच नाही. प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन, तसेच शारीरिक इजा न करणारे घरातील व प्रार्थनास्थळांतील धार्मिक विधी अधिनियमाने स्पष्टपणे वगळले आहेत. जिवती, पिठोरी, तीट, मारबत यांना त्याने हात लावलेला नाही. अनुसूचीत एकूण बारा बाबी असून त्या ठळकपणे अपाय करणाऱ्या आहेत. भूत उतरविण्याच्या निमित्ताने एखाद्यास साखळीने वा दोराने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, केसांनी टांगणे. एखादी व्यक्ती करणी वा जादूटोणा करते असे जाहीर करून तिचे जगणे असह्य करणे. साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, अशा स्वरूपाच्या त्या आहेत. या अपराधांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपराध दखलपात्र व अजामीनपात्र आहेत.

म्हणून पंचायत सदस्यासमोर वा शिक्षकासमोर एखादा प्रकार आला तर ही श्रद्धा की अंधश्रद्धा, या वादात शिरण्याचे त्यास कारण नाही. तो वाद संध्याकाळी पारावर चालू राहू द्यावा. पाहावयाचे ते इतकेच, की कोणाच्या अंगाला इजा होत आहे काय, कोणाला औषधापासून अडविले जात आहे काय, आणि कोणा एका माणसाकडे गावाने बोट दाखविले आहे काय. यांपैकी एकाचे जरी उत्तर होकारार्थी आले, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे आणि पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी. अंमलबजावणीसाठी अधिनियमान्वये दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद असून त्याचा दर्जा पोलीस निरीक्षकापेक्षा कमी असत नाही. त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर, १०८ या क्रमांकाशेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवणे सोयीचे ठरते. कारण असे प्रकार बहुधा अमावास्येच्या आगेमागे, रात्रीच्या वेळी आणि चारचौघांच्या डोळ्यांदेखतच घडत असतात.